बसपाचा पुढचा नेता कोण ठरविणार ?

बहुजन समाज पक्षात बहन मायावती यांच्यानंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर दोन वर्षांच्या आत किती वेळा बदलले ते आधी पाहू. १० डिसेंबर २०२३ रोजी लखनौच्या बैठकीत बहनजींनी आपल्या भावाचे चिरंजीव आकाश आनंद यांना राजकीय वारसदार म्हणून जाहीर केले. ७ मे २०२४ रोजी, लोकसभेची निवडणूक ऐन रंगात आली असताना, परिपक्वता येईपर्यंत म्हणून त्यांना बाजूला केले. निकाल लागल्यावर २३ जूनला पुन्हा त्याच जागी आणले. २ मार्च २०२५ रोजी सर्व पदे काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पक्षातूनच काढून टाकले. १३ एप्रिलला, म्हणजे भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांनी माफी मागितल्यावर परत घेतले. मे महिन्यात मुख्य राष्ट्रीय समन्वयक केले आणि ऑगस्टच्या अखेरीस राष्ट्रीय संयोजक केले.

या साऱ्या घडामोडींत पक्षाच्या सामान्य सभासदाचे मत कुणी घेतल्याचे ऐकिवात नाही. वारसदार जाहीर झाला तेव्हा त्याने टाळ्या वाजविल्या, काढला तेव्हा तो गप्प बसला, परत आणला तेव्हा पुन्हा टाळ्या वाजविल्या. आमच्याकडे महाराष्ट्रातही विहारात, कोर्टाच्या आवारात, जयंतीच्या बैठकीत याच विषयावर वाद झडतात. एक म्हणतो, आकाश आनंद तरुण आहेत, शिकलेले आहेत, त्यांना वेळ द्या. दुसरा म्हणतो, चंद्रशेखर आझाद रस्त्यावर उतरून लढतात, त्यांनाच नेता माना. तिसरा म्हणतो, बहनजी आहेत तोवर हा विषयच काढू नका. आमचे म्हणणे असे की, हे तिघेही नावावर भांडत आहेत आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहिला आहे. नेता कोण, याच्या आधी नेता कुणी ठरवायचा आणि कोणत्या नियमाने ठरवायचा, हा खरा प्रश्न आहे. तो सुटल्याशिवाय कितीही नावे बदलली तरी पक्ष उभा राहणार नाही.

हा प्रश्न तातडीचा का झाला, ते आकडेच सांगतात. २००७ साली बसपाने उत्तर प्रदेशात ४०३ पैकी २०६ जागा जिंकून स्वबळावर सरकार आणले. तेव्हा मते ३० टक्क्यांच्या वर होती. २०१२ मध्ये जागा ८० झाल्या, २०१७ मध्ये १९ आणि २०२२ मध्ये अवघी एक. लोकसभेत २००९ साली २१ खासदार होते. २०१४ मध्ये एकही नाही. २०१९ मध्ये समाजवादी पक्षाशी युती करून १० निवडून आले. २०२४ मध्ये स्वबळावर लढून पुन्हा शून्य. उत्तर प्रदेशात २०१९ ला सुमारे १९ टक्के मते होती, ती २०२४ ला ९ टक्क्यांच्या आसपास आली. देशभराचा आकडा दोन टक्के. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारात रामगढची एक जागा मिळाली, तीही अवघ्या ३० मतांनी. ज्या पक्षाने हत्तीच्या चिन्हावर दिल्लीची गणिते बदलली, त्याची ही अवस्था आहे.

ही अवस्था पाहून मनुवादी वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना उकळ्या फुटतात. बसपा संपली, असे ते १९९५ पासून लिहीत आले आहेत. त्यांच्या आनंदात आम्ही सहभागी नाही. ३ जून १९९५ रोजी एक दलित स्त्री देशाच्या सर्वांत मोठ्या राज्याची मुख्यमंत्री झाली, आणि त्याच्या आदल्याच दिवशी लखनौच्या गेस्ट हाऊसमध्ये तिच्यावर हल्ला झाला होता. त्यानंतर ती आणखी तीन वेळा मुख्यमंत्री झाली. आंबेडकर ग्राम योजनेतून दलित वस्त्यांत रस्ते, वीज, पाणी पोहोचले. पोलीस ठाण्यात आमच्या माणसाची फिर्याद लिहून घेतली जाऊ लागली. लखनौ आणि नोएडात आमच्या महापुरुषांची स्मारके दगडात उभी राहिली. हे ऋण कुणी नाकारू नये. बसपाच्या ऱ्हासाला धार्मिक ध्रुवीकरण, पैशाचा महापूर, तपास यंत्रणांचा धाक, अतिमागास जातींना फोडण्याचे भाजपचे पद्धतशीर काम, ही कारणेही आहेतच. पण ही सारी बाहेरची कारणे झाली. शत्रू शत्रूचे काम करणारच. आपल्या घराचे दार आपण कसे लावले होते, हे तपासायला नको काय ?

काहीजण म्हणतील, खुद्द बहनजींनाही मान्यवर कांशीरामजींनी नेमलेच होते ना ? बरोबर आहे. १५ डिसेंबर २००१ रोजी लखनौच्या सभेत कांशीरामजींनी त्यांना उत्तराधिकारी म्हणून जाहीर केले आणि १८ सप्टेंबर २००३ रोजी त्या राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. पण ही घोषणा होण्याआधी काय घडले होते ते पाहा. १९८४ साली त्या कैरानातून लढल्या आणि हरल्या. १९८५ ला बिजनौरच्या पोटनिवडणुकीत हरल्या. १९८७ ला हरिद्वारच्या पोटनिवडणुकीत हरल्या. १९८९ ला बिजनौरमधून जिंकल्या. सायकलवरून गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्यांना हरताना पाहिले, पुन्हा उभे राहताना पाहिले आणि मग मानले. २००१ च्या घोषणेने नेता तयार झाला नाही, तयार झालेल्या नेत्यावर फक्त शिक्का बसला. शिवाय त्या कांशीरामजींच्या नात्यातल्या नव्हत्या. पुण्याच्या संरक्षण खात्यातील नोकरी सोडताना कांशीरामजींनी घरदारही सोडले होते. बामसेफ, डीएस-४ आणि १४ एप्रिल १९८४ ला स्थापन झालेली बसपा, या तिन्हींत त्यांनी आपल्या घरच्यांना आणले नाही.

बहनजींनीही पूर्वी हेच तत्त्व सांगितले होते. २००८ साली लखनौच्या सभेत त्यांनी जाहीर केले की, आपला वारसदार आपल्या कुटुंबातला नसेल. मे २०१८ मध्ये तर त्यांनी हे तत्त्व पक्षाच्या नियमांतच घातल्याचे सांगितले. राष्ट्रीय अध्यक्षांच्या जवळच्या नातेवाइकांना संघटनेत पद मिळणार नाही, असा तो नियम होता, आणि त्यानुसार त्यांचे बंधू आनंदकुमार उपाध्यक्षपदावरून दूर झाले. आम्ही तेव्हा या निर्णयाचे मनापासून स्वागत केले होते. पण जून २०१९ मध्ये तेच बंधू पुन्हा उपाध्यक्ष झाले आणि चिरंजीव राष्ट्रीय समन्वयक झाले. वकिली करणाऱ्या माणसाला इथे एकच प्रश्न पडतो. तेरा महिन्यांपूर्वी केलेला नियम कुणी बदलला ? कोणत्या बैठकीत बदलला ? त्या बैठकीला किती प्रतिनिधी हजर होते, बाजूने किती, विरोधात किती ? एका व्यक्तीच्या मनात आले म्हणून जो नियम होतो आणि तिच्याच मनात आले म्हणून जो जातो, त्याला नियम म्हणता येत नाही. त्याला मर्जी म्हणतात. आणि मर्जीच्या राज्यात तर आमच्या बापजाद्यांनी हजारो वर्षे काढली आहेत.

मर्जीवर चालणाऱ्या पक्षात दुसऱ्या फळीचे काय होते, याची यादी मोठी आहे. १९९५ साली सोनेलाल पटेल गेले आणि त्यांनी अपना दल काढला. पुढे ओमप्रकाश राजभर गेले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. २०१६ ला स्वामीप्रसाद मौर्य गेले, २०१७ ला नसिमुद्दीन सिद्दिकी यांना काढले, २०२१ ला लालजी वर्मा आणि रामअचल राजभर यांना काढले. प्रत्येकाचे दोष वेगळे असतील, कुणी लोभी असेल, कुणी संधिसाधू असेल. पण २०२४ ला समाजवादी पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत कोण गेले ते पाहा. आंबेडकरनगरमधून लालजी वर्मा, जौनपूरमधून बाबूसिंह कुशवाह, मोहनलालगंजमधून आर. के. चौधरी, श्रावस्तीतून रामशिरोमणी वर्मा. हे चौघेही बसपात घडलेले. शेत आम्ही नांगरले, पीक दुसऱ्याच्या खळ्यात गेले. ज्या पक्षाचा स्वतःचा एकही खासदार निवडून आला नाही, त्याने घडविलेली माणसे दुसऱ्याच्या बाकावर बसली आहेत. मतभेद असलेल्या माणसाला पक्षात राहून लढण्याची आणि हरण्याची जागा नसेल, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर गप्प बसायचे, नाहीतर बाहेर पडायचे.

चंद्रशेखर आझाद यांच्याकडे आज अनेक तरुण आशेने पाहतात. २०२४ ला त्यांनी नगीना राखीव मतदारसंघात दीड लाखाहून अधिक मताधिक्याने विजय मिळविला, तेथे बसपाचा उमेदवार चौथ्या क्रमांकावर गेला. बसपाचा जुना मतदार दुसरीकडे जायला तयार आहे, हे त्यातून दिसले. पण त्यांच्या पाठीराख्यांनाही आमचा तोच प्रश्न आहे. त्यांच्या आझाद समाज पक्षात उद्या दुसऱ्या कुणाला अध्यक्षपदासाठी उभे राहावेसे वाटले, तर त्याने अर्ज कुठे भरायचा ? याचे उत्तर नसेल तर फक्त चेहरा बदलेल, आणि वीस वर्षांनी आपली मुले हाच लेख पुन्हा लिहितील.

आता या मुद्द्यावर सर्वांत मोठा आक्षेप. आमचे वडीलधारे कार्यकर्ते म्हणतात, "वकीलसाहेब, पक्षात निवडणुका घ्या म्हणता, पण आपल्याकडे निवडणूक म्हणजे फूट. रिपब्लिकन पक्षाचे काय झाले ते विसरलात काय ? म्हणून तर कांशीरामजींनी एका हाती पक्ष ठेवला." या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला झाले. त्यांनी कल्पिलेला रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला आणि एन. शिवराज अध्यक्ष झाले. दोन वर्षे होतात न होतात तोच बी. सी. कांबळे आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्यात वाद होऊन दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट पडले. १९६४-६५ साली दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले, म्हणजे लोक तेव्हाही पक्षाबरोबर होते. पण १९७० च्या सुमारास बॅ. खोब्रागडे आणि रा. सू. गवई असे पुन्हा दोन गट झाले. १९७४ ला ऐक्य झाले, मोडले. १९८९ च्या सुमारास झाले, मोडले. १९९५-९६ ला झाले, आणि त्या बळावर १९९८ च्या लोकसभेत प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चार खासदार खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. आम्ही तेव्हा नुकतेच कॉलेजात गेलो होतो. त्या निकालाच्या दिवशी वस्तीत वाजलेले ढोल अजून कानात आहेत. १९९९ ची निवडणूक आली तेव्हा ते ऐक्य उरले नव्हते.

आता आमच्या वडीलधाऱ्यांना आम्ही नम्रपणे विचारतो. यातली कोणती फूट सभासदांच्या मतदानामुळे पडली ? किती सभासद होते, त्यांची यादी कुठे होती, कोणत्या तारखेला गुप्त मतदान झाले आणि कुणी किती मतांनी हरले ? फुटी पडल्या त्या मतदान झाले म्हणून नव्हे, वाद मिटविण्याची सर्वांना मान्य अशी पद्धत नव्हती म्हणून पडल्या. ऐक्ये झाली तीही मतदानाने झाली नाहीत. लोकांनी दबाव आणला, नेते एका व्यासपीठावर आले, गळ्यात हार पडले, फोटो निघाले. तिकिटांची यादी आली की प्रत्येक जण गुडघ्याला बाशिंग बांधून वेगळा झाला. महाराष्ट्रात एकाही नेत्याला सभासदांनी हरवले नाही, म्हणून प्रत्येकाला शेवटपर्यंत वाटत राहिले की खरा पक्ष आपलाच. उत्तर प्रदेशाने त्यावर उपाय म्हणून सर्व अधिकार एका हाती दिले. काही काळ यश मिळाले. पण तो हात थकल्यावर काय, याची सोय त्यात नव्हती. महाराष्ट्रातल्या अनेक हातांच्या पक्षाला आणि उत्तर प्रदेशातल्या एका हाताच्या पक्षाला रोग एकच जडला. सभासदाचे मत मोजण्याची व्यवस्था दोन्हीकडे नव्हती.

कायदा या बाबतीत आपल्याला वाचविणार नाही, हेही समजून घ्यावे. १९५१ च्या लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम २९-अ नुसार पक्षाची नोंदणी होते आणि पक्षाने संविधानाशी निष्ठा जाहीर करावी लागते. पक्षघटनेत ठराविक मुदतीत अंतर्गत निवडणुकांची तरतूद असावी, असे निवडणूक आयोग मागतो. पण ती निवडणूक खरी झाली की कागदावर झाली, हे तपासून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही. काही मोजके अपवाद वगळता नोंदणी काढून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. विधी आयोगाने १९९९ च्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने सक्तीची करावी अशी शिफारस केली, ती कुठल्याही सरकारने मनावर घेतली नाही. घेतील कसे ? सर्वांचीच दुकाने त्यावर चालतात. २७ ऑगस्ट २०२४ रोजी बहनजींची पाच वर्षांसाठी एकमताने फेरनिवड झाली. कायद्याच्या कागदासाठी एवढे पुरते. पक्षाला जिवंत ठेवायला ते पुरत नाही.

आणि यातला धोका शिवसेना व राष्ट्रवादीच्या खटल्यांनी महाराष्ट्राला दाखविला आहे. पक्षात दोन गट पडले की खरा पक्ष कोणता, हे आयोग १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ नुसार ठरवितो. सादिक अली खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने संघटनेतील आणि विधिमंडळातील बहुमत पाहण्याची कसोटी मान्य केली. १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेच्या आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीच्या वादात संघटनेतील बहुमतावर आयोगाला विसंबता आले नाही, म्हणून शेवटी आमदार-खासदारांची डोकी मोजून नाव आणि चिन्ह दिले गेले. म्हणजे ज्या पक्षाची सभासद यादी आणि अंतर्गत निवडणूक विश्वासार्ह नाही, त्याचा मालक शेवटी निवडून आलेल्या मूठभर लोकांवरून ठरतो. आता हाच न्याय बसपाला लावून पाहा. २०२२ ला एक आमदार, २०२४ ला शून्य खासदार. उद्या बहनजींच्या पश्चात वाद झाला तर मोजायची डोकी तरी कुठून आणणार ? ज्या हत्तीसाठी दोन पिढ्यांनी पोटाला चिमटा काढून वर्गणी दिली, तो हत्ती कुणाच्या दारात बांधला जाईल, हे लखनौचा मतदार ठरविणार नाही. ते दिल्लीतल्या एका कार्यालयात ठरेल.

कुणी म्हणेल, घराणेशाही कुठल्या पक्षात नाही ? सगळीकडे आहे. पण ज्यांच्याकडे कारखाने आहेत, बँका आहेत, वाहिन्या आहेत, मठ-मंदिरे आहेत, त्यांचा पक्ष नियमाशिवायही काही काळ चालतो. आमच्याकडे यातले काय आहे ? आमची सारी पुंजी म्हणजे पावती फाडणारा कार्यकर्ता आणि रांगेत उभे राहून मत देणारी आमची माय. त्यांचाच हक्क काढून घेतला तर आमच्या पक्षाकडे उरते काय ? काँग्रेससारख्या घराणेशाहीच्या पक्षालाही ऑक्टोबर २०२२ मध्ये मतपेटी मांडावी लागली. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ मते पडली आणि शशी थरूर यांना १,०७२. थरूर हरले, आणि पुढच्या वर्षी ते कार्यसमितीत घेतले गेले. ती निवडणूक आदर्श होती असे आम्ही म्हणत नाही. मतदार प्रतिनिधींची यादी जाहीर करा, ही मागणी तेव्हा खुद्द त्या पक्षातल्या खासदारांनाच करावी लागली होती. पण त्यातूनही तेच सिद्ध होते की, निवडणुकीचा प्राण यादीत असतो. एक बौद्ध विचारांचा दलित माणूस तिथे मते मोजून अध्यक्ष होतो आणि दलितांच्या स्वतःच्या पक्षात मत मोजलेच जात नाही, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

आम्ही बौद्ध आहोत, म्हणून या प्रश्नाकडे आणखी एका बाजूने पाहतो. भगवान बुद्धांनी आपल्या पश्चात कुणालाही वारस नेमले नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याची मुद्दाम नोंद केली आहे की, धम्म हाच धम्माचा वारस, ही तथागतांची भूमिका होती. गोपक मोग्गल्लान सुत्तात मगधाचा महामंत्री वस्सकार भन्ते आनंदांना विचारतो की, गोतमांनी तुमच्यासाठी कुणी नेमून ठेवला आहे काय ? आनंद सांगतात, नाही, आम्हाला धम्माचा आधार आहे. हे आनंद तर बुद्धांचे चुलत बंधू होते, पंचवीस वर्षे त्यांच्या सेवेत होते. नात्याने वारसा मिळणार असता तर पहिला हक्क त्यांचा होता.

राजकीय पक्ष म्हणजे संघ नव्हे, पक्षाला नेता लागतो, हे आम्हाला मान्य आहे. पण वाद पडला तर काय करायचे, याची सोय संघाकडे होती. विनयात शलाका घेऊन मतदान करण्याची पद्धत सांगितली आहे. शलाका गोळा करणारा भिक्खू संघाने नेमायचा, आणि तो कसा असावा ? लोभ, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, आणि कोणते मत आले, कोणते नाही, हे जाणणारा. निवडणूक अधिकाऱ्याची यापेक्षा चांगली व्याख्या आम्ही कोणत्याही कायद्यात वाचलेली नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संघातील ठराव, गणपूर्ती, मतमोजणी या नियमांची आठवण करून दिली होती, आणि त्याच भाषणात राजकारणातील भक्ती ही हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे असा इशारा दिला होता. दोन्ही गोष्टी एकाच भाषणात याव्यात, हा योगायोग नव्हे. मतमोजणीची शिस्त गेली की तिची जागा भक्ती घेते. स्वतः बाबासाहेबांनी १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढले तेव्हा अध्यक्षपदी एन. शिवराज होते. जुलै १९५६ मध्ये प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. शेवटच्या दिवसांत ते वारस शोधत बसले नाहीत, कार्यकर्ते घडवीत होते.

मग बसपाने करावे काय ? आमच्या मते चार गोष्टी. पहिली, बूथनिहाय सभासद यादी करून ती वस्तीत उघडपणे वाचून दाखवावी, म्हणजे बोगस नावे तिथेच गळतील. दुसरी, बहनजींनी स्वतः हयात असताना, आपल्या देखरेखीखाली, पुढच्या अध्यक्षाची निवडणूक गुप्त मतदानाने घ्यावी. आकाश आनंद यांना लढायचे असेल तर त्यांनीही अर्ज भरावा. जिंकले तर भाचा म्हणून नव्हे, अध्यक्ष म्हणून त्यांना मान मिळेल. तिसरी, हरणाऱ्याला कार्यकारिणीत जागा मिळेल, असे पक्षघटनेत लिहावे. चौथी, २०१८ चा नातेवाइकांचा नियम पुन्हा आणावा, आणि तो बदलायचा तर प्रतिनिधींच्या दोन तृतीयांश मतानेच बदलावा. ज्या बहनजींनी चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेऊन देशाला धक्का दिला, त्यांनी आपल्या हाताने हे केले तर तो त्यांच्या साऱ्या स्मारकांहून मोठा वारसा ठरेल. ९ ऑक्टोबर २०२५ ला कांशीरामजींच्या स्मृतिदिनी लखनौत जमलेली गर्दी सांगत होती की, माणसे अजून येतात. आलेल्या माणसाला घोषणा देण्यापलीकडे काम दिले पाहिजे.

आणि हे लखनौला सांगण्याआधी आपणही आपल्या घरात पाहू. आमच्याकडे वकिलीत दरवर्षी विहार समित्यांचे आणि जयंती मंडळांचे चेंज रिपोर्टचे वाद येतात. प्रकरण बहुतेक सारखेच असते. दोन गट, दोन अध्यक्ष, दोन प्रोसिडिंग बुके, आणि सभासद रजिस्टर कुणाकडेच नाही. एकदा एका वस्तीतली सत्तरीची आजी दोन्ही गटांच्या कागदांवर आपला अंगठा पाहून आम्हाला म्हणाली, "साहेब, माझा अंगठा दोघांनी घेतला, पण अध्यक्ष कोण पाहिजे ते मला एकानेही विचारलं नाही." ते प्रकरण सात वर्षे चालले. तोवर विहाराचे छप्पर गळत राहिले.

त्या आजीचा प्रश्न आणि उत्तर प्रदेशातल्या बसपाच्या सभासदाचा प्रश्न एकच आहे. म्हणून वाचकांना आमची विनंती आहे की, येत्या १४ एप्रिलच्या तयारीची बैठक होईल तेव्हा वर्गणीच्या हिशोबाआधी सभासद रजिस्टर मागा. नावे मोठ्याने वाचायला लावा. अध्यक्षपदासाठी दोन नावे आली तर घाबरू नका, चिठ्ठ्या टाका, मोजा, आणि हरलेल्याला उपाध्यक्ष करून मिरवणुकीत पुढे चालवा. पन्नास घरांच्या वस्तीत हे जमले, तरच वीस कोटींच्या राज्यातल्या पक्षाकडे ते मागण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.

जयभीम !